सायकियाट्रिस्ट मंडळींना खुलं पत्र: आवाजांबद्दल विचारता तसं वजन आणि शुगरबद्दलही विचारा

सर्व सायकियाट्रिस्ट डॉक्टरांना, शिकत असलेल्या रेसिडेंट डॉक्टरांना आणि ट्रीटमेंटच्या गाइडलाइन लिहिणाऱ्या कमिट्यांनाही,

नमस्कार.

मी स्किझोफ्रेनियाच्या (नसलेले आवाज ऐकू येणं, उगाच संशय येणं असा मनाचा गंभीर आजार) एका पेशंटची मोठी बहीण. भाऊ बऱ्याच वर्षांपासून अँटीसायकोटिक म्हणजे ही लक्षणं आवरणाऱ्या गोळ्यांवर आहे, मधे औषधं बदलली, आधी ओलान्झापिन होतं आता क्लोझापिन आहे. सुरुवातीलाच सांगते, हे पत्र गोळ्यांच्या विरोधात अजिबात नाही. हे वाचून कुणी स्वतःच्या किंवा घरच्या माणसाच्या गोळ्या बंद करायचा विचार करत असेल तर कृपया तसं करू नका, रिलॅप्स म्हणजे आजार परत उलटणं काय असतं ते आम्ही बघितलंय आणि ते कुणाच्याही वाट्याला येऊ नये. आज माझा भाऊ शांत झोपतो, माझ्याशी धड बोलतो, ते गोळ्यांमुळेच.

माझी मागणी एकच आहे. जो डॉक्टर अँटीसायकोटिक लिहून देतो त्यानेच पहिल्या गोळीच्या आधी पेशंटचं वजन, कंबर, बीपी, शुगर आणि लिपिड (रक्तातली चरबी) बघावं, केसपेपरवर लिहून ठेवावं, नंतर ठरलेल्या वेळी परत बघावं आणि आकडे बिघडायला लागले की त्याच व्हिजिटला त्यावर काहीतरी करावं. फिजिशियनना दाखवा असं सांगून विषय संपवू नये.

आमच्या भावाची फाइल जाडजूड आहे. तिच्यात प्रत्येक फॉलोअपला झोप कशी, आवाज येतात का, संशय किती, गोळ्या वेळेवर घेतो का, सगळं नीट लिहिलेलं आहे, त्यात मला काही खोट काढायची नाही. पण सुरुवातीची कित्येक पानं उलटली तरी वजनाचा एकही आकडा सापडत नाही. ओपीडीच्या कोपऱ्यात वजनकाटा होता, त्याच्यावर जुन्या फाइलींचा गठ्ठा ठेवलेला असायचा. इकडे घरी त्याच्या पँटी एकामागून एक होईनाशा झाल्या, शर्टाची पोटावरची बटणं लागेनात, आणि रात्री जेवून तासभर झाला की तो परत फ्रिजसमोर उभा. ताई मला भूक थांबतच नाही गं, असं तो म्हणायचा, आणि त्या आवाजात अक्षरशः भीती असायची, कारण पोट भरलंय हे त्याला कळत होतं तरी भूक जात नव्हती. आम्ही ते डॉक्टरांना सांगितलं तर उत्तर आलं की थोडा व्यायाम करायला सांगा, आधी मन स्थिर होऊ दे. मन स्थिर झालं, आणि तोवर शुगर वाढलेली होती.

त्यानंतर मी वाचायला लागले, मिळेल ते वाचलं, न कळलेलं ओळखीच्या डॉक्टरांना विचारलं. त्यातून जे समजलं ते इथे लिहितेय, तुम्हाला शिकवायला नाही, तुम्हाला हे माहीतच आहे, पण पेशंटच्या घरच्यांना हे कुणी सांगत नाही आणि तेही हे पत्र वाचतील म्हणून.

आम्हाला पहिल्या दिवशी सांगितलं जातं की मेंदूतलं केमिकल बिघडलंय, गोळीने ते ताळ्यावर येईल. ढोबळमानाने ते बरोबरही आहे. १९५२ मध्ये पॅरिसला जाँ दले आणि पिएर देनिकेर यांनी क्लोरप्रोमाझिन हे औषध सायकोसिसच्या (खरं काय आणि भास काय हे न कळण्याच्या अवस्थेतल्या) पेशंटना दिलं, फरक पडला, पण तो का पडतो हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. १९६३ मध्ये स्वीडनच्या अर्विद कार्लसन यांनी प्राण्यांवरच्या प्रयोगांतून सुचवलं की ही औषधं मेंदूतल्या डोपामिन या केमिकलचे रिसेप्टर (पेशींवरच्या ज्या जागांना केमिकल चिकटतं त्या) अडवत असावीत (डोपामिनवरच्या कामासाठी त्यांना २००० साली नोबेल मिळालं), आणि १९७०च्या दशकात दिसून आलं की जे औषध डी-टू या डोपामिनच्या रिसेप्टरला जितकं घट्ट चिकटतं तितका त्याचा डोस कमी लागतो. पुढे पेट स्कॅन आले आणि जिवंत माणसाच्या मेंदूत किती रिसेप्टर अडवले गेलेत हे मोजता आलं. साधारण ६५ टक्क्यांच्या आसपास डी-टू अडवले गेले की बऱ्याच जणांना गुण यायला लागतो आणि ८० टक्क्यांच्या जवळ गेलं की हातपाय कडक होणं, थरथर, एका जागी बसवत नाही असली लक्षणं वाढतात. म्हणजे गुण येणं आणि त्रास होणं यांच्यात जागा फार थोडी आहे, आणि आमच्यासारख्यांना वाटतं की डोस वाढवला की आणखी बरं वाटेल, तसं नेहमी होत नाही, एका हद्दीनंतर नुसता त्रासच वाढतो.

आता हे पेट स्कॅन संशोधनात होतात, रोजच्या ओपीडीत कुणी भावाचं डोपामिन मोजलेलं नाही आणि मोजणारही नाही. रक्तातलं डोपामिन मोजून उपयोग नाही, कारण ते रक्तातून मेंदूत आणि मेंदूतून रक्तात असं सहज येत-जात नाही. डोपामिन तुटून जे होमोव्हॅनिलिक ॲसिड बनतं ते १९८०च्या दशकात रक्तात मोजून बघितलं गेलं, ट्रीटमेंटमध्ये ते कमी होताना दिसलंही, पण ते शरीराच्या बाकी भागांतूनही येतं, त्यामुळे एका पेशंटचा डोस ठरवायला ते कामाला आलं नाही. थोडक्यात मेंदूतल्या केमिकलचा रिपोर्ट अजून कुठल्याही लॅबमध्ये मिळत नाही, तुम्हाला पेशंटशी बोलूनच अंदाज घ्यावा लागतो. हे अवघड काम तुम्ही रोज करता, त्याबद्दल मनापासून आदर आहे.

पण मग जे मोजता येतं ते तरी मोजलं गेलंच पाहिजे ना? कारण ही गोळी फक्त मेंदूच्या त्या एका कोपऱ्यात जाऊन बसत नाही. ओलान्झापिन आणि क्लोझापिन डी-टू अडवतात तसे दुसऱ्या दोन केमिकलचे, म्हणजे हिस्टामिनचा एच-वन आणि सेरोटोनिनचा फाइव्ह-एचटी-टू-सी हे रिसेप्टरही अडवतात, आणि हे दोन्ही मेंदूच्या हायपोथॅलॅमस भागात भूक-तृप्तीच्या कामात असतात. माझ्या भावाला जेवूनही भूक लागत होती ती इथून. दुसरीकडे स्वादुपिंडातल्या बीटा पेशींवर एम-थ्री नावाचा रिसेप्टर असतो जो इन्सुलिन सोडायला मदत करतो, तोही ही औषधं अडवतात. डोपामिनचे रिसेप्टर स्वतः बीटा पेशींवरही असतात. म्हणजे ज्या गोळीला आपण मेंदूची गोळी म्हणतो ती पहिल्या दिवसापासून स्वादुपिंडाची, लिव्हरची आणि चरबीचीसुद्धा गोळी असते.

आणि हे सगळं फक्त जास्त खाल्ल्यामुळे होतं असंही नाही. २०१३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात कुठलाही आजार नसलेल्या निरोगी माणसांना आत ठेवून, त्यांचं वजन आणि हालचाल सांभाळून फक्त ९ दिवस औषध दिलं, तरीही इन्सुलिन रेझिस्टन्स (शरीराने इन्सुलिनला दाद न देणं) वाढलेला दिसला, ओलान्झापिनमध्ये जेवणानंतरचं इन्सुलिनही चढलेलं होतं. नऊ दिवसांत. हे वाचलं तेव्हा मला भावाला ऐकवलेलं एकेक वाक्य आठवलं, जरा तोंडावर ताबा ठेव, आळस सोड, फिरायला जा. फिरायला जाणं चांगलंच आहे, त्याने फायदा होतोच, पण जे औषध वजन वाढायच्या आधीच इन्सुलिनचं काम बिघडवू शकतं त्याचा सगळा दोष पेशंटच्या जिभेवर आणि आळसावर टाकणं हा अन्याय आहे. आजारात उत्साह मुळातच जातो, माणूस अंथरुणातून उठत नाही, वरून गोळीची गुंगी, आणि त्याला आपण सांगतो की रोज सकाळी ५ किलोमीटर चाल!

अजून एक बाजू आहे आणि ती प्रामाणिकपणे सांगायला हवी. सगळं खापर गोळीवर फोडणंही चूकच. ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ हेन्री मॉड्सली यांनी १८७९ मध्येच लिहून ठेवलंय की ज्या घराण्यांत वेडाचा आजार दिसतो तिथे मधुमेहही बरेचदा दिसतो, आणि तेव्हा अँटीसायकोटिक नावाची वस्तूच जगात नव्हती. अलीकडे २०१७ मध्ये पहिल्यांदाच सायकोसिस झालेल्या, औषध जवळजवळ सुरू न झालेल्या पेशंटवरचे बरेच अभ्यास एकत्र करून बघितले तर त्यांच्यातही फास्टिंग शुगर आणि इन्सुलिन रेझिस्टन्स निरोगी लोकांपेक्षा जास्त निघाले. म्हणजे आजार आणि मेटाबॉलिझम (शरीर साखर-चरबी कशी वापरतं ते) यांचं नातं गोळीच्या आधीपासूनचं आहे, गोळी त्यात भर घालते. यातून कुणी म्हणेल की मग गोळीला कशाला बोल लावता, मी उलटं म्हणते, म्हणूनच पहिल्या गोळीच्या आधीची तपासणी हवी. आधीचा आकडाच नसेल तर आजारामुळे किती, गोळीमुळे किती आणि घरच्या मधुमेहाच्या इतिहासामुळे किती हे नंतर कोण सांगणार? आमच्याकडे तो आकडा नाही आणि आता तो कधीच मिळणार नाही.

तुम्ही म्हणाल की इमर्जन्सीत पेशंट येतो, मारामारी चाललेली असते, घरचे रडत असतात, तेव्हा उपाशीपोटी रक्त कुठून आणायचं. मान्य. पण एचबीएवनसी या तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणाऱ्या तपासणीला उपाशी असायची गरज नाही, वजन आणि बीपीला तर मुळीच नाही, आणि त्या दिवशी नाही तर पहिल्या आठवड्यात तरी होईल. अमेरिकेत औषधांना मंजुरी देणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेने २००३ मध्ये नव्या पिढीच्या सगळ्या अँटीसायकोटिकना हाय शुगर आणि डायबिटीसची वॉर्निंग लावली. २००४ च्या सुरुवातीला तिथल्या डायबिटीसच्या आणि सायकियाट्रीच्या संघटनांनी मिळून वेळापत्रकच छापलं, की औषधाच्या आधी वजन, कंबर, बीपी, फास्टिंग शुगर, लिपिड, मग वजन ४, ८ आणि १२ आठवड्यांनी आणि पुढे दर तीन महिन्यांनी, शुगर-बीपी-लिपिड १२ आठवड्यांनी परत, आणि वजन ५ टक्के वाढलं तर औषध बदलायचा विचार करा. ब्रिटनमध्ये उपचार कसे करावेत हे सांगणाऱ्या नाइस या संस्थेची गाइडलाइन तर पहिले सहा आठवडे दर आठवड्याला वजन करा म्हणते. २००४ ला किती वर्षं झाली बघा. यात नवीन शोध काहीच लागायचा नाहीये, फक्त करायचं राहिलंय.

आणि करायचं राहतं म्हणजे किती राहतं, त्याचा एक आकडा मला विसरता येत नाही. अमेरिकेत स्किझोफ्रेनियाच्या औषधांची तुलना करणारी केटी नावाची मोठी ट्रायल (चाचणी) झाली, २००५ मध्ये निकाल आले, ट्रायलमध्ये येतानाच जवळपास ४० टक्के पेशंटना मेटाबॉलिक सिंड्रोम (कंबर, बीपी, शुगर, लिपिड यातलं बरंच काही एकदम बिघडलेलं) होता. त्याच पेशंटमध्ये ज्यांना डायबिटीस होता त्यातल्या ३० टक्क्यांना डायबिटीसची ट्रीटमेंटच सुरू नव्हती, बीपी असलेल्यांपैकी ६२ टक्के आणि लिपिड बिघडलेल्यांपैकी ८८ टक्के जण ट्रीटमेंटशिवाय. अठ्ठ्याऐंशी टक्के! हे लोक डॉक्टरांकडे जातच नव्हते असं नाही हो, हे सगळे सायकियाट्रीचे पेशंट होते. याच ट्रायलमध्ये ओलान्झापिन घेणाऱ्यांपैकी ३० टक्के लोकांचं वजन ७ टक्क्यांहून जास्त वाढलं, आणि रिलॅप्समुळे ॲडमिट होण्याचं प्रमाण त्याच गटात सगळ्यात कमी होतं. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत, आणि निवड करताना दोन्ही टेबलावर ठेवल्या पाहिजेत.

इथेच मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते सांगते. २०२० मध्ये १८ अँटीसायकोटिक औषधांची मेटाबॉलिक बाबतीत एकमेकांशी तुलना करणारा मोठा अभ्यास आला. त्यात वजन, शुगर, कोलेस्टेरॉल यात सगळ्यात वाईट क्लोझापिन आणि ओलान्झापिन, आणि अरिपिप्राझोल, कॅरिप्राझिन, लुरासिडोन, झिप्रासिडोन ही बरीच सौम्य, हे अपेक्षितच होतं. पण त्यात अजून एक गोष्ट होती, की लक्षणांमध्ये जितकी सुधारणा जास्त तितका मेटाबॉलिक बिघाडही जास्त, असा संबंध दिसला. यावरून बरं होण्याची किंमत म्हणून जाड व्हायलाच हवं असं सिद्ध होत नाही, पण एक व्यवहारातली गोष्ट नक्की निघते. ज्या पेशंटकडे बघून तुम्ही म्हणता वा छान चाललंय, तेच चालू ठेवा, सहा महिन्यांनी या, नेमकं त्याचंच रक्त तपासायला हवं. आवाज बंद झालेले, झोप लागतेय, घरचे खूश, अशा पेशंटकडे कुणाचं लक्ष जात नाही आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी) तिकडे गुपचूप चढत असतात. त्यांना आवाज नसतो, ते दुखतही नाहीत.

शेवटी याची किंमत आयुष्याच्या वर्षांत मोजावी लागते. स्किझोफ्रेनियाच्या पेशंटचं आयुष्य बाकीच्यांपेक्षा साधारण १५ वर्षांनी कमी असतं, आत्महत्या हे त्याचं एक मोठं कारण आहे, पण सगळ्यात जास्त माणसं जातात ती शरीराच्या आजारांनी, त्यातही हृदयाच्या. यात सिगरेटचा वाटा मोठा आहे, उशिरा निदानाचाही आहे. आणि इथेही गोळीला व्हिलन करून चालत नाही, कारण फिनलंडमध्ये हजारो पेशंट वर्षानुवर्षं बघितले तर अँटीसायकोटिक घेणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण न घेणाऱ्यांपेक्षा कमी निघालं, आणि सगळ्यात कमी निघालं ते क्लोझापिन घेणाऱ्यांमध्ये, म्हणजे मेटाबॉलिक बाबतीत जे सगळ्यात बदनाम त्याच्यात. म्हणून म्हणते गोळी हवीच, पण तिच्यासोबत शरीराची राखणही हवी. गोळी सोडणं हा यावरचा उपाय होऊच शकत नाही. आणि खरं सांगायचं तर शरीराकडे लक्ष दिलं नाही की पेशंट स्वतःच गोळी सोडतो. आरशात बघून, लोकांचे टोमणे ऐकून, अरे किती सुटलायस म्हणणाऱ्या पाहुण्यांना कंटाळून सोडतो, आणि मग तुम्ही फाइलवर लिहिता की पेशंट सहकार्य करत नाही.

मग करायचं काय, तर हातात काहीच नाही असंही नाही. पहिल्यांदाच आजारी पडलेल्या तरुण पेशंटचं वजन सगळ्यात झपाट्याने वाढतं, पहिल्याच महिन्यात ५ टक्क्यांवर गेलं तर पुढेही वाढत राहण्याची शक्यता जास्त, म्हणून शक्य असेल तिथे सुरुवात सौम्य औषधाने करता येईल का ते बघा, आणि नसेल शक्य तर का नाही ते आम्हाला सांगा. मेटफॉर्मिन हे डायबिटीसचं जुनं, स्वस्त, सगळ्या डॉक्टरांच्या हातातलं औषध आहे. २००८ मध्ये चीनमधल्या एका ट्रायलमध्ये पहिल्या एपिसोडच्या, वजन वाढलेल्या पेशंटपैकी काहींना १२ आठवडे मेटफॉर्मिन दिलं, काहींना आहार-व्यायामाचा कार्यक्रम, काहींना दोन्ही, तर वजन आणि इन्सुलिन दोन्ही सुधारले, आणि दोन्ही एकत्र दिलेल्यांना सगळ्यात जास्त फायदा झाला. आता तर काही तज्ज्ञांच्या गाइडलाइन म्हणतात की ओलान्झापिन किंवा क्लोझापिन सुरू करतानाच मेटफॉर्मिनचा विचार करा, वजन वाढायची वाट बघू नका. डेन्मार्कमध्ये २०१७ ला क्लोझापिन-ओलान्झापिनवरच्या, शुगर सीमारेषेवर असलेल्या पेशंटना लिराग्लुटाइड हे डायबिटीसचं इंजेक्शन १६ आठवडे दिलं तर जवळपास ६४ टक्के लोकांची शुगर नॉर्मलला आली, नुसत्या प्लासिबोवर (औषध नसलेल्या खोट्या इंजेक्शनवर) १६ टक्क्यांची आली. हे प्रत्येकाला परवडेल किंवा लागू पडेल असं मी म्हणत नाही, किडनीचे रिपोर्ट बघायला लागतात, पोट बिघडतं, ते तुम्हीच ठरवा, पण ठरवा तरी. पाच किलो वाढल्यावर थांबवणं सोपं असतं, पंचवीस किलो उतरवणं जवळजवळ अशक्य, हे कुणाही जाड माणसाला विचारा.

क्लोझापिनबद्दल थोडं वेगळं लिहायलाच हवं कारण आमचं घर त्यावर उभं आहे. सगळ्यांचा आजार डोपामिनच्याच वाटेने जातो असं नाही. काही पेशंटच्या स्कॅनमध्ये डोपामिन बनण्याचं प्रमाण निरोगी माणसाइतकंच दिसतं, आणि अशांमध्ये डी-टू अडवणाऱ्या साध्या गोळ्यांनी फारसा गुण येत नाही, त्यांच्या मेंदूत ग्लुटामेट हे दुसरं केमिकल जास्त असल्याचं काही अभ्यासांत दिसलंय. दोन औषधं नीट डोसमध्ये, पुरेसे आठवडे देऊन झाली आणि फरक नाही, की क्लोझापिनचा विचार करायचा हे सगळीकडे मान्य आहे. १९८८ च्या गाजलेल्या ट्रायलमध्ये बाकी औषधांना दाद न दिलेल्या पेशंटपैकी ३० टक्क्यांना क्लोझापिनने गुण आला, क्लोरप्रोमाझिनने ४ टक्क्यांना. तरी ते द्यायला वर्षानुवर्षं उशीर होतो, पांढऱ्या पेशी कमी होण्याच्या भीतीने. त्या तपासणीबाबत मात्र सगळे डॉक्टर काटेकोर असतात, आमच्या भावाचं रक्त ठरल्या दिवशी जायचं म्हणजे जायचंच, एकदा रिपोर्ट आला नव्हता तर गोळ्या पुढे लिहून मिळाल्या नाहीत. मला हेच सांगायचंय! पांढऱ्या पेशींसाठी ही शिस्त पाळता येते तर त्याच सुईने, त्याच दिवशी काढलेल्या रक्तात वर्षातून काही वेळा शुगर आणि लिपिड का बघता येत नाही? रक्त तर निघतंच आहे.

क्लोझापिनच्या दोन गोष्टी घरच्यांना पहिल्याच दिवशी सांगा. एक, सिगरेटच्या धुरामुळे लिव्हरमधलं जे एन्झाइम हे औषध तोडतं ते जास्त काम करतं, म्हणून पेशंटने अचानक सिगरेट सोडली, किंवा ॲडमिट झाल्यामुळे ती सुटली, तर रक्तातलं क्लोझापिन खूप वाढू शकतं. हे निकोटिनमुळे होत नाही, धुरामुळे होतं, त्यामुळे निकोटिनचे पॅच लावले तरी लेव्हल चढतेच. सिगरेट सोडणं तर हृदयासाठी हवंच, फक्त डॉक्टरांना सांगून. दुसरी, बद्धकोष्ठता. हे ऐकायला किरकोळ वाटतं पण क्लोझापिनमध्ये आतड्याची हालचाल इतकी मंदावू शकते की जिवावर बेततं, म्हणून पोट साफ होतं का हा प्रश्न प्रत्येक व्हिजिटला विचाराच, पेशंट आपणहून सांगत नाही.

आणि बायकांबद्दल. रिस्पेरिडोन, पॅलिपेरिडोन, अमिसल्प्राइड या औषधांनी प्रोलॅक्टिन (दूध आणणारं हार्मोन) वाढतं, कारण डोपामिन एरवी त्याला लगाम घालून ठेवतं आणि गोळी तो लगाम काढते. मग पाळी जाते, मूल नसताना दूध येतं, पुढे हाडं ठिसूळ होतात. किती मुली भावासमोर, वडिलांसमोर, भरलेल्या ओपीडीत हे सांगतील? केअरगिव्हर ग्रुपमध्ये कित्येक जणींकडून ऐकलंय की पाळी बंद असल्याचं डॉक्टरांना कधी सांगितलंच नाही, कारण कुणी विचारलंच नाही. घरच्यांना दोन मिनिटं बाहेर बसवा आणि विचारा. पुरुषांनाही त्रास होतोच, तेही गप्प बसतात आणि गोळी सोडतात.

सप्टेंबर २०२४ मध्ये एफडीएने झॅनोमेलिन-ट्रॉस्पियम हे औषध मंजूर केलं, ते डोपामिनचा रिसेप्टर अडवत नाही, मेंदूतल्या मस्करिनिक नावाच्या वेगळ्याच रिसेप्टरवर काम करतं, आणि ट्रायलमध्ये वजन वाढण्याचा त्रास त्यात फारसा दिसला नाही. सत्तर वर्षांनी वेगळी वाट सापडली याचा मनापासून आनंद आहे. पण ते प्रत्येकापर्यंत पोचायला वेळ लागेल आणि प्रत्येकाला लागूही पडणार नाही, तोपर्यंत लाखो लोक आहेत त्याच गोळ्यांवर राहणार आहेत, मी त्यांच्याबद्दल बोलतेय.

आता जबाबदारी कुणाची हा मुद्दा. तुम्ही म्हणता फिजिशियनना दाखवा. फिजिशियन गोळ्यांची नावं वाचतात आणि म्हणतात हे तुमच्या सायकियाट्रिस्टना विचारा, आम्ही या गोळ्यांना हात लावत नाही. मधे आम्ही फाइल घेऊन फिरतो. ज्या माणसाला एका डॉक्टरकडे आणतानाच घर हलतं त्याला दुसऱ्या डॉक्टरच्या रांगेत बसवणं काय असतं हे ज्याने केलंय त्यालाच कळेल. आणि फिजिशियनकडे गेल्यावर मानसिक पेशंट आहे म्हटलं की छातीत दुखतंय ही तक्रारसुद्धा मनाचा खेळ ठरते, तेही घडतं. म्हणून निदान तपासणी आणि पहिलं पाऊल तुमच्याकडेच असू दे. शुगर खूपच वाढली, बीपी आटोक्यात येत नाही, तर पुढे पाठवा, पण फोन करून, चिठ्ठीत औषधांची नावं आणि आकडे लिहून पाठवा.

गाइडलाइन लिहिणाऱ्या कमिट्यांना वेगळी विनंती. वेळापत्रक तुमच्याकडे आहे, पण ते केलं का हे कोण बघतं? डिस्चार्ज कार्डवर वजन, कंबर, एचबीएवनसी आणि लिपिडचे रकाने छापून टाका आणि रकाना रिकामा असेल तर कार्ड पूर्ण धरू नका. रेसिडेंटच्या परीक्षेत केस मांडताना मनाची तपासणी जशी विचारता तसा कंबरेचा घेर विचारा, आपोआप सवय लागेल. कंबरेची मर्यादाही सगळ्या जगाला एकच लावू नका, दक्षिण आशियाई माणसाला पुरुषांसाठी ९० आणि बायकांसाठी ८० सेंटीमीटरच धोक्याची रेषा धरतात, त्याहून मोठ्या मापाने बघितलं तर आमच्यातले बरेच जण नॉर्मल दिसतील.

आमच्याकडून काय होईल तेही सांगते. वजन घरी दर आठवड्याला, त्याच दिवशी, सकाळी करून वहीत लिहून आणू. लॅबचे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून आणू, तुम्हाला शोधायला लागणार नाहीत. तहान खूप लागते, रात्री सारखं लघवीला उठतो, उलट्या, ग्लानी, असलं दिसलं तर वाट न बघता आणू, कारण क्वचित का होईना या औषधांवर पहिल्याच महिन्यांत शुगर एकदम इतकी चढते की आयसीयूत जावं लागतं, हे आता आम्हाला माहीत आहे. फक्त ती वही समोर ठेवली की ती उघडून बघा, आणि आकडा वाढलेला दिसला तर पेशंटला रागावू नका, त्याच्याशी बोलून पुढचं ठरवा. तो आकडा त्यालाही समजतो.

आपली,
स्किझोफ्रेनियाच्या एका पेशंटची बहीण